तेरा आठवड्यांचं बिऱ्हाड: ट्रॅव्हल थेरपी आणि आरव्हीतला मुक्काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी फिजिकल थेरपिस्ट आहे, नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याचं काम घरूनच चालतं. ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलंय. डॅलसच्या अपार्टमेंटचा करार उन्हाळ्यात संपतोय. तो पुढे न वाढवता सामान विकून टाकावं, मोठी मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही (चाकांवरचं घर), घ्यावी, मी ट्रॅव्हल कॉन्ट्रॅक्ट घ्यावीत आणि देश बघत राहावं असं आमच्या मनात आहे. भाडं वाचेल, स्टायपेंड करमुक्त मिळेल. कोणती गाडी घेऊ?"

मीही फिजिकल थेरपिस्टच. आम्ही दोघं बरीच वर्षं फिफ्थ व्हीलमध्ये, म्हणजे पुढचा भार ट्रकच्या पाठीवर टेकवून ओढायच्या चाकांवरच्या घरात राहून हेच करत आलोय. हे जगणं मला मनापासून आवडतं, म्हणूनच सांगते की गाडीचा विचार सगळ्यात शेवटी करा.

ट्रॅव्हल कॉन्ट्रॅक्ट म्हणजे एजन्सीमार्फत दुसऱ्या गावी घेतलेलं तात्पुरतं काम; ते साधारण १३ आठवड्यांचं असतं. म्हणजे वर्षात फार तर चार वेळा मुक्काम हलणार. गाडी वर्षातून मोजके दिवस रस्त्यावर असेल आणि बाकी सगळा काळ एकाच जागी, एकाच विजेच्या खांबाला जोडून उभी असेल. तुम्ही सकाळी सातला कामावर जाल आणि संध्याकाळी थकून परत याल. देश बघणं होईल ते शनिवार-रविवारी आणि दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या दिवसांत. त्यामुळे गाडी असो, जागा असो की कागदपत्रं, प्रत्येक निर्णय उभं राहण्याचा विचार करून घ्या. सुट्टीत आरव्ही भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांचे सल्ले तुमच्या फारसे कामाचे नाहीत, त्यांचं गणितच वेगळं असतं.

आता पैशाचं बघू, कारण तुमच्या बेतातला सगळ्यात कच्चा दुवा तोच आहे. एजन्सी पगाराचे दोन भाग करते. तासाचा करपात्र दर कमी ठेवते आणि राहण्या-जेवणाचा स्टायपेंड वेगळा देते. हा स्टायपेंड करमुक्त असतो, पण कधी? आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) भाषेत तुमचं 'टॅक्स होम', म्हणजे करासाठी धरलं जाणारं ठिकाण, दुसरीकडे असेल आणि तुम्ही तात्पुरत्या कामासाठी तिथून दूर राहत असाल तेव्हाच. यासाठी आयआरएस तीन गोष्टी तपासते. ज्या भागात तुमचं घर आहे तिथे तुम्ही काही काम करता का आणि त्या वेळी त्या घरात राहता का? बाहेर राहत असतानाही त्या घराचा खर्च तुमच्यावर चालूच असतो का, म्हणजे खर्च दुहेरी होतो का? आणि तो भाग तुम्ही सोडून दिलेला नाही ना, म्हणजे कुटुंब तिथे राहतं किंवा तुम्ही त्या घरात वरचेवर येऊन राहता का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर प्रश्न मिटला. दोन असतील तर एकूण परिस्थिती बघून ठरतं. एकच असेल तर तुम्ही 'आयटिनरंट', म्हणजे जिथे काम करता तेच तुमचं टॅक्स होम. मग तुम्ही घरापासून दूर आहात असं म्हणताच येत नाही आणि सगळा स्टायपेंड करपात्र ठरतो.

अपार्टमेंट सोडून, सामान विकून, सगळा संसार आरव्हीत हलवलात की तुम्ही नेमक्या या शेवटच्या गटात जाता. हे एजन्सीचा रिक्रूटर तुम्हाला समजावत बसणार नाही. तो एक डिक्लरेशन फॉर्म पुढे करेल आणि त्यावर सही करताना 'माझं कायमचं घर अमुक ठिकाणी आहे' असं तुम्ही लिहून द्याल. ते खोटं निघालं तर कर, व्याज आणि दंड तुमच्याच माथी.

आकडा डोळ्यांसमोर असावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा स्टायपेंड आठवड्याला १,००० डॉलर आहे. १३ आठवड्यांचे झाले १३,०००. नवऱ्याच्या पगारासकट तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर त्यावर २,८६० डॉलर फेडरल कर आणि ७.६५ टक्के दराने सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे जवळपास ९९५ डॉलर. म्हणजे एका कॉन्ट्रॅक्टमागे सुमारे ३,८५० आणि चार कॉन्ट्रॅक्टचे १५,४०० डॉलर. अपार्टमेंटचं जे भाडं वाचेल असं तुम्ही धरलंय, त्यातला मोठा हिस्सा इथेच जातो.

यावर दोन प्रामाणिक मार्ग आहेत. पहिला म्हणजे डॅलसमध्ये घर खरोखर राखायचं. ओळखीच्या कुटुंबाकडे एक खोली बाजारभावाने भाड्याने घ्या, करार लेखी करा, भाडं दर महिन्याला बँकेतूनच द्या, दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये तिथे येऊन राहा आणि त्या काळात तुमच्या जुन्या फॅसिलिटीत पीआरएन (गरजेपुरत्या, अधूनमधून मिळणाऱ्या) शिफ्ट करा. या शिफ्टमुळे पहिली अटही पूर्ण होते, म्हणून मी त्यांच्यावर एवढा भर देते. असं घर असेल तर कामाच्या गावी तुम्ही आरव्हीत राहता की मोटेलमध्ये, याने स्टायपेंडला बाधा येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आपण आयटिनरंट आहोत हे मान्य करायचं, एजन्सीला तसं सांगायचं आणि पूर्ण पगार करपात्र घ्यायचा. त्यातही हे जगणं परवडू शकतं, फक्त हिशोब त्या आकड्यावर करायचा.

ऐकीव नियमांवर मात्र विसंबू नका. घरापासून ५० मैल दूर असलं की झालं, किंवा वर्षातून ३० दिवस घरी काढले की झालं, असं तुम्हाला पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतील. आयआरएसचा असा नियम नाही. आहे तो एक वर्षाचा नियम: एकाच भागातलं काम वर्षापेक्षा जास्त चालणार हे ज्या दिवशी स्पष्ट होतं, त्या दिवसापासून ते तात्पुरतं राहत नाही. कॉन्ट्रॅक्ट वाढवत वाढवत गेलात की याचं भान सुटतं.

पूर्णवेळ आरव्हीत राहणारे बरेच जण टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटाचा पत्ता घेतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनला तर एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा जुना क्लब आहे आणि सभासदांची टपाल तिथून पुढे पाठवली जाते. ही सोय चांगली आहे. पण टपालाचा पत्ता म्हणजे टॅक्स होम नव्हे, या दोन गोष्टींची गल्लत करू नका. आणि टेक्ससचे रहिवासी असलात तरी कॅलिफोर्नियात काम केलंत तर तिथल्या कमाईवर कॅलिफोर्निया कर घेणारच. हे तुमच्या नवऱ्यालाही लागू आहे. लॅपटॉप ज्या राज्यात उघडला त्या राज्यात काम केलं असं धरलं जातं आणि काही राज्यांत पहिल्या दिवसापासूनच कर सुरू होतो. त्याने कंपनीच्या पेरोलला आधी कळवून लेखी परवानगी घ्यावी.

तुम्ही टेक्ससमध्येच आहात, ही जमेची बाजू. टेक्सस पीटी कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे फिजिकल थेरपिस्टांच्या लायसन्ससाठी राज्यांनी आपसात केलेल्या करारात आहे, त्यामुळे इतर सभासद राज्यांत काम करायला पूर्ण लायसन्स न काढता कॉम्पॅक्ट प्रिव्हिलेज (काम करण्याची मुभा) घेता येतो. त्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्स टेक्ससचंच असायला हवं, ते हलवू नका. कॅलिफोर्नियाला मात्र स्वतंत्र लायसन्स लागतं आणि त्याला वेळ लागतो.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट, जी आरव्हीच्या इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, त्यामुळे पत्ता बदलला की १० दिवसांच्या आत यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरून कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. दर मुक्कामाला हे करावं लागेल. नागरिकत्वाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांचे पत्ते तारखांसकट विचारतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: आरव्ही पार्कचं (गाडी लावून राहायच्या तळाचं) नाव, साइट नंबर, आल्याची आणि निघाल्याची तारीख. अर्ज करण्याआधी तीन महिने ज्या राज्यात अर्ज करताय तिथले रहिवासी असावं लागतं, तेही दाखवायला ही वही कामी येते. आणि हे वाचणारी कुणी मैत्रीण एच-१बी वर असेल तर तिने हा बेत तूर्त बाजूला ठेवावा. त्या व्हिसावर कामाचं ठिकाण एलसीएमध्ये (कंपनीने कामगार खात्याकडे केलेल्या अर्जात) नोंदलेलं असतं आणि दुसऱ्या शहरात जायचं तर सुधारित अर्ज करावा लागतो. दर १३ आठवड्यांनी ते करणारी कंपनी मिळणं अवघड आहे.

आता कामाची गावं. आरव्हीचा खरा फायदा होतो तो छोट्या गावांत. तिथल्या स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीला (पेशंटला ठेवून शुश्रूषा आणि थेरपी देणाऱ्या केंद्राला) थेरपिस्ट मिळत नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्ट निघतं, आणि तीन महिन्यांसाठी फर्निचरसकट घरही तिथे मिळत नाही. तुम्ही स्वतःचं घर घेऊन पोहोचता, तेव्हा दोन्ही अडचणी सुटतात. मोठ्या शहरात उलट होतं. पार्क शहराबाहेर, ट्रॅफिकमध्ये तासभर जायला, तासभर यायला. अशा ठिकाणी मी सरळ खोली भाड्याने घेऊन ट्रेलर स्टोरेजमध्ये ठेवेन.

कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी 'गॅरंटीड अवर्स'चं, म्हणजे हमखास मिळणाऱ्या तासांचं, कलम वाचा. फॅसिलिटीतले पेशंट कमी झाले की कॉन्ट्रॅक्टवाल्याचे तास सगळ्यात आधी कापले जातात. दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कॉन्ट्रॅक्ट रद्द होणंही या धंद्यात नेहमीचं आहे. म्हणून पार्कचं भाडं महिन्याच्या दराने ठरवा, पण तीन महिन्यांचे पैसे एकदम भरू नका. वीज बहुतेक ठिकाणी मीटरप्रमाणे वेगळी असते, ते विचारून घ्या. दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी न घेणारे पार्कही बरेच आहेत. ॲरिझोना, फ्लोरिडा आणि टेक्ससच्या दक्षिण टोकाला हिवाळ्यात उत्तरेकडचे निवृत्त लोक येतात. त्यामुळे थेरपिस्टची मागणीही वाढते आणि पार्कमधल्या जागाही भरतात. तिकडचं हिवाळी कॉन्ट्रॅक्ट हवं असेल तर जागेची चौकशी उन्हाळ्यातच करा.

मोटरहोमबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्यासाठी नको. रोज कामावर जायला दुसरी गाडी लागणारच, म्हणजे दोन इंजिनं, दोन विमे. मोटरहोमच्या इंजिनात बिघाड झाला की तुमचं घरच गॅरेजला जातं, तेही ऐन हंगामात कित्येक आठवडे. आणि त्या काळात तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर असता. ट्रेलर किंवा फिफ्थ व्हीलचं तसं नाही. ट्रक दुरुस्तीला गेला तरी घर जागेवर राहतं, घराचं काही बिघडलं तर फिरता मेकॅनिक पार्कमध्येच येतो. शिवाय ट्रक रोजच्या कामाला वापरता येतो.

फक्त वजनाचं गणित ट्रेलरच्या विक्रेत्यावर सोपवू नका. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या रंगाचं स्टिकर असतं, त्यावर त्याच ट्रकची पेलोड क्षमता, म्हणजे ट्रकला स्वतःवर पेलवेल एवढं वजन, छापलेली असते. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाचा २० ते २५ टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो. १२,००० पौंडांचं फिफ्थ व्हील म्हणजे २,४०० ते ३,००० पौंड. त्यात तुम्ही दोघं, हिच (जोडणीचा सांधा) आणि अवजारं मिळवा. साध्या हाफ-टन ट्रकला हे झेपत नाही, वन-टन लागतो (ही ट्रकच्या वर्गांची नावं आहेत, प्रत्यक्ष वजनाची नव्हेत). एवढा ट्रक नको असेल तर ट्रकच्या मागच्या हुकला जोडून ओढायचा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर बघा, त्याचा भार १० ते १५ टक्केच असतो. ट्रेलरमध्ये किती सामान भरता येईल याचाही आकडा त्याच्यावर लिहिलेला असतो आणि तो ऐकून धक्का बसतो. आपल्या स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी, कुकर, कणकेची आणि तांदळाची पोती फार जड असतात. सगळं भरून झालं की ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करा. टायरचं वय बघायलाही शिका. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. पाच-सहा वर्षांचे झाले की नक्षी कितीही चांगली दिसो, मी बदलते.

विजेचं आधीच समजून घ्या. पार्कमधलं ३० अँपिअरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. एसी साधारण १,५०० घेतो, पाणी तापवायचा विजेचा घटक १,४००. या दोघांवरच २,९०० झाले. त्यात मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच, आणि नवरा मीटिंगमध्ये असेल तर त्याच वेळी पडेल. पाणी गॅसवर तापवा, म्हणजे पुष्कळ मोकळं होतं. ५० अँपिअरमध्ये ५० च्या दोन लाइनी असतात, म्हणजे १२,००० वॅट. घरून काम करणारा माणूस असेल तर मी ५० वालीच गाडी घ्यायला सांगेन. खांबावर नुसता सर्ज प्रोटेक्टर नको, व्होल्टेज पडलं तर वीज तोडणारं ईएमएस लावा. भर उन्हाळ्यात पूर्ण भरलेल्या पार्कमध्ये दुपारी व्होल्टेज १०४-१०५ च्या खाली जातं आणि एसीचा कॉम्प्रेसर त्यानेच जळतो. इंटरनेटसाठी स्टारलिंक (उपग्रहावरून येणारं इंटरनेट) आणि सोबत दुसऱ्या कंपनीचं सेल्युलर, दोन्ही ठेवा. आणि साइट घेताना वर झाडं नाहीत ना ते विचारा.

थंडीत उत्तरेकडचं कॉन्ट्रॅक्ट पहिल्या वर्षी घेऊ नका. फर्नेस, म्हणजे गाडीतली प्रोपेन गॅसवर गरम हवा देणारी भट्टी, ३०,००० बीटीयूची (उष्णतेचं माप) असेल तर चालू असताना तासाला गॅलनचा तिसरा हिस्सा प्रोपेन खाते. ३० पौंडांच्या दोन सिलिंडरमध्ये मिळून साधारण १४ गॅलन बसतं. कडाक्याच्या थंडीत फर्नेस निम्मा वेळ चालली तरी तीन-साडेतीन दिवसांत दोन्ही रिकामे. म्हणून लोक विजेचा हीटर लावून फर्नेस बंद ठेवतात आणि तिथेच फसतात. बहुतेक गाड्यांत पोटातल्या पाइपांना आणि टाक्यांना ऊब मिळते ती फर्नेसच्या हवेतूनच. आत तुम्ही शाल न घेता बसलेले असता आणि खाली पाइप गोठलेला असतो. वास आणि बुरशी टाळायला डिह्युमिडिफायर लागतोच. दोन माणसांचा श्वास आणि रोजचा वरण-भात, एवढ्यानेही बंद खिडक्यांवर पाणी जमतं.

संडासाच्या टाकीचा एकच नियम: ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. टाकी दोन-तृतीयांश भरू द्यायची, मग सोडायची, आणि मागोमाग ग्रे टँकचं, म्हणजे आंघोळीचं आणि भांड्यांचं, साबणाचं पाणी. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पाणी निघून जातं आणि घट्ट भाग तळाशी चिकटून बसतो.

फोडणी बाहेर द्या. पिकनिक टेबलावर दोन शेगड्यांचा स्टोव्ह ठेवला की हिंग-मोहरीचा वास गाद्यांत मुरत नाही आणि स्मोक अलार्म बोंबलत नाही. जमिनीलगत बसवलेला गॅसचा अलार्म मात्र कधीही काढू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो, म्हणून तो तिथे असतो. मिक्सर भारतातून आणू नका, इथला ११० व्होल्टचा घ्या. गोडा मसाला, आमसुलं, पोहे मोठ्या शहरातून जाताना तीन महिन्यांचे भरून घ्या.

विमा घेताना 'फुल-टाइमर' हा शब्द पॉलिसीत असलाच पाहिजे. सुट्टीच्या वापरासाठीची साधी आरव्ही पॉलिसी तुमच्या घरासारख्या वापराला पुरत नाही. अनेक कर्जांत आणि वॉरंटीतही पूर्णवेळ राहायला मनाई असते, ते बारीक अक्षर वाचा. आरोग्य विमा नवऱ्याच्या कंपनीकडूनच ठेवा आणि देशभर चालणारा पीपीओ प्रकारचा विमा निवडा. एजन्सीचा विमा दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या काळात बंद पडू शकतो.

आई-बाबांचा विषय तुमच्या प्रश्नात नाही, पण तो येणारच. ते सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा त्यांना आरव्हीत ठेवू नका, हे मी थेरपिस्ट म्हणून सांगते. दाराच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, संडासात आधाराला दांडी नसते, गुडघा वळवायला जागा नसते आणि गरम पाणी साधारण सहा ते दहा गॅलनमध्ये संपतं. सत्तरीतला गुडघे दुखणारा माणूस रात्री उठून तिथे पडला तर पुढचं तुम्ही जाणता. त्या काळात डॅलसच्या आसपास साधी नोकरी करा, किंवा फर्निचरसकट घर मिळेल असं कॉन्ट्रॅक्ट शोधा.

आणखी एक. दिवसभर नवरा त्याच ३५ फुटांत असतो. तुम्ही बाहेर शंभर माणसांशी बोलून येता, तेव्हा तुम्हाला शांतता हवी असते आणि त्याला गप्पा. दार बंद करता येईल अशी वेगळी जागा असलेलाच आराखडा घ्या, टेबलाचा सोफा होणारा नको. गाव छोटं असेल तर मराठी माणूस भेटायचा नाही. जवळच्या शहरातलं महाराष्ट्र मंडळ आधी शोधून ठेवा. गणपतीला दोन तास गाडी हाकत जायला काहीच वाटत नाही.

मग आता करायचं काय? करार संपण्याआधी ट्रॅव्हल थेरपिस्टांची कामं करणाऱ्या सीपीएला (कराचं काम बघणाऱ्या अकाउंटंटला) भेटा आणि वरच्या दोनपैकी मार्ग ठरवा. खोलीवालाच मार्ग घ्यायचा तर खोली आधी पक्की करा. पहिलं कॉन्ट्रॅक्ट टेक्सस किंवा ओक्लाहोमात, हवा सौम्य असतानाचं घ्या आणि ते भाड्याच्या जागेत राहून करा. त्या तीन महिन्यांत दर शनिवारी वापरलेले ट्रेलर बघा, तीन-चार वर्षं जुने, स्वतंत्र आरव्ही इन्स्पेक्टरकडून तपासून. आणि रिक्रूटरचा फोन आला की पहिल्याच वेळी तीन गोष्टी विचारा: गॅरंटीड तास किती, रद्द करण्याची नोटीस किती दिवसांची, आणि स्टायपेंड करपात्र धरला तर हाती आठवड्याला किती येतील. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात दिलं नाही तर त्या एजन्सीचं काम घेऊ नका.